रणदुल्लाराजांची स्तुती

एका संस्थानिकाने दुसऱ्याची वस्तू वाखाणली, की ती त्याला नजर करायची, असा पूर्वी रिवाज होता. थोरल्या संस्थानाच्या रणदुल्लाराजांनी या रिवाजावर शेजाऱ्यांचे दिवाणखाने रिकामे केले होते. त्यांची वस्तू वाखाणण्याची छाती मात्र कोणाची नव्हती.

एकदा ते धाकट्या वाळखेड संस्थानात जेवायला आले. तिथला कारभार गुणवंताबाईसाहेब पाहत. त्यांच्या सासऱ्यांनी हौसेने घडवून घेतलेलं चांदीचं शमादान समोरच तेवत होतं. खोडावर द्राक्षवेलीची नक्षी, वर पाच फांद्या, प्रत्येक फांदीवर पंख पसरलेला राघू आणि त्याच्या पाठीवर मेणबत्ती.

"काय वेल, काय राघू," राजे म्हणाले. "असं शमादान आमच्याकडेही नाही."

दिवाणजींचा घास हातातच राहिला. सासऱ्यांची आठवण आता जाणार, हे बाईसाहेबांनाही कळलं. तरी त्या हसून म्हणाल्या, "खरं आहे. आणि त्याच्या उजेडात आपल्या पगडीवरचा शिरपेच किती खुलतोय. असे हिरे आम्ही जन्मात पाहिले नाहीत."

राजांचा हात पगडीकडे गेला. ते शमादानाकडे पुन्हा निरखून पाहू लागले.

"तसं नीट पाहिलं, तर राघूंच्या चोची जरा जाडच आहेत."

"असं म्हणता?" बाईसाहेब म्हणाल्या. "मग आमचेच डोळे दिपले असतील. शिरपेचही तसा साधाच दिसतोय."

राजांनी पुढचं जेवण उरकलं. बासुंदी तीनदा मागून घेतली, पण तिलाही चांगलं म्हटलं नाही.