कड्यांचा डोह

उमरपाड्याच्या खाली, नदी जिथे वळते, तिथे एक डोह आहे. वरचं आणि खालचं पाणी नितळ आहे, डोहाचं मात्र गंजासारखं तांबडं. पाड्यातले दित्याबाबा आम्हा सहलीच्या मुलींना तिथे घेऊन गेले.

"हात धुवा, पण पिऊ नका. लोखंडाची चव लागते."

"बाबा, दगडातच लोखंड असेल ना?" वैशालीनं विचारलं.

"असेल की. पाणी तपासायला आलेला साहेबही तेच म्हणाला. आता आमचं ऐक."

म्हणे, इंग्रजांच्या काळी पलीकडच्या टेकाडावर मिशनची वसतिशाळा होती. शाळेची माणसं पाड्यापाड्यांतून मुलं गोळा करून नेत. तिथे त्यांचे केस कापत, नावं बदलत. आपली बोली तोंडातून निघाली की वेताचे फटके, आणि मग धान्याच्या कोठीत कोंडून बाहेरून कडी. जातरी नावाच्या बाईची नऊ वर्षांची रुमली त्या शाळेत होती.

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारादिवशी रुमली पळून घरी आली. पाठीवर वळ होते. "आये, मला परत धाडू नको. तिथे कोंडतात," एवढंच ती म्हणाली.

जातरी घाबरली. पळालेलं पोर लपवलं तर बापाला तुरुंगात टाकू, असं शाळेच्या शिपायानं आधीच बजावलं होतं. पाटलाला विचारून येते, तोवर पोर भिऊन जंगलात शिरायला नको, असं तिच्या मनात आलं. तिनं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. आतून रुमली दार वाजवत राहिली.

जातरी धावतच परतली. दार सताड उघडं होतं, घर रिकामं. शिपाई तिच्या आधी पोचला होता.

"त्याला शोधावंही लागलं नाही," दित्याबाबा म्हणाले.

पाचव्या दिवशी कोंडलेली रुमली कोठीतच मेली. तापानं गेली, असं शाळेनं कळवलं. आईला तोंडही पाहू दिलं नाही. जातरीनं घरी येऊन आपल्या दाराची कडी उपटली आणि डोहात फेकली. ते पाहून पाड्यातलं एकेक घर आपापली कडी घेऊन आलं. असं सांगतात, शेवटची कडी बुडाली तेव्हा पाणी तांबडं झालं, आणि टेकाडावर कोठीची कडी आपोआप गळून पडली. पुन्हा ती कुणाला बसवता आली नाही.

"आत अजून किती मुलं होती?" मी हळूच विचारलं.

"कुणी मोजली, बाई? घरी आली ती आली."

आजही पाड्यात तयार दार विकत आणलं, तर बाहेरची कडी काढून आधी डोहात टाकतात. शेळ्या घरात शिरतात, कोंबड्या दाणे उधळतात, तरी कुणी कडी लावत नाही. आणि लेकराला घरी ठेवून कामाला निघालेली आई उंबऱ्याशी थांबून आत ऐकू जाईल असं म्हणते, "मी जाते गं. दार उघडं आहे."