ढगाखालचं बारसं

फार मागं, टेकडीवरच्या उंबरात एक पिंगळा, त्याची पिंगळी आणि त्यांची लेक राहायची. त्या घरात तारा पाहून त्याचंच नाव लेकराला ठेवायची रीत. पण महिनाभर एक काळा ढग डोक्यावर ठाण मांडून बसलेला. हाक मारायला नाव नाही, म्हणून लेक दोनदा हरवली.

पिंगळा रोज दिवेलागणीला शेंड्यावर जायचा. पिंगळी विचारायची, "आज काय दिसलं?"

"ढगाचं पोट. कालच्यापेक्षा सुटलंय!"

ढग गुरगुरला, "हसा! मी हलायचा नाही."

"नको हलूस, बाबा," पिंगळी म्हणाली. "आमची चांदणी त्या सुक्या फांदीच्या टोकाला असते, ठाऊक आहे आम्हांला. बारसं आजच!"

पाळणा बांधला. पिंगळ्याची बहीण, लेकीची आत्या, तिच्या कानाशी लागली. "कुर्रर्र" करून नाव इतकं हळू सांगितलं, की ढगाला काही ऐकूच गेलं नाही.

"काय ठेवलं? काय ठेवलं?" करत तो वाकला, आणखी वाकला, आणि धुकं होऊन पार दरीत उतरला.

वर, सुक्या फांदीच्या टोकाला, तीच चांदणी, चित्रा, लखलखत होती.

"चित्रेऽऽ!" आईनं हाक मारली. लेक धावत आली.

पुढं त्या उंबरात आणखी सहा लेकरं झाली. साऱ्यांची बारशी, तारा दिसायची वाट न पाहता, भर ढगातच झाली.