उंदराच्या पोटातली बिऱ्हाडं

"मग बिळांत उंदरांचं औषध टाकायचं ना, बाबा? संध्याकाळी मला अहवाल पाठवायचाय."

डॉक्टर वसुधा रेडकर हातातला कागद सोमा हिलमच्या नाकासमोर नाचवत होती. सोमाबाबा कातकरी वाडीतला म्हातारा. डोंगरातले उंदीर धरण्यात त्याची हयात गेलेली. विषाणूंचा अभ्यास करायला आलेल्या या पोरीला बीळ ओळखायला, पिंजरा लावायला त्यानेच शिकवलं. चार महिन्यांत शिष्येला शिंगं फुटली होती.

म्हातारा बांबूची कामटी सोलत राहिला. "कागदावर काय हाय?"

"एकेचाळीस जातींचे विषाणू! शेतातल्या उंदरांत वेगळे, कातळावरच्यांत वेगळे. झऱ्याकाठच्यांत तर असे, की त्यांना अजून नावंसुद्धा नाहीत. एवढ्याशा जिवात, बाबा!"

बोलता बोलता तिचे डोळे चमकले. खरं सांगायचं तर आधी तिला नवल वाटलं होतं, भीती मागाहून सुचली.

"लय झाले," म्हातारा मनापासून खूश झाला. "आन् त्यातलं आजारी उंदीर किती?"

वसुधाने कागद उलटून पाहिला.

"किती, बाय?"

"एकही नाही. सगळे धडधाकट."

"यवढी बिऱ्हाडं पोटात, आन् घरमालक टुणटुणीत..." म्हाताऱ्याने कौतुकाने मान हलवली. "तुला नुसतं पडसं झालं तर आठ दिस निजून होतीस."

वसुधाला हसू आलं, पण ती हटली नाही.

"उंदीर नाही, माणूस आजारी पडेल. यातला एखादा उद्या वाडीत उतरला तर? इथे सव्वीस लेकरं आहेत. मी गप्प बसू?"

हे मात्र तिच्या पोटातून आलं होतं. त्या लेकरांतली निम्मी तिला ताई म्हणत.

म्हातारा उठला. घरामागच्या बांधावरचं एक बीळ त्याने बोटाने दाखवलं.

"धूर दे."

एवढं तर तिला येत होतं. तिने मडक्यात सुकं गवत पेटवलं, मडकं बिळाच्या तोंडाशी धरलं आणि जोर लावून फुंकर मारली. मग जाळं पसरून ऐटीत बसली.

कुणी आलं नाही.

दहा पावलं खाली, तिने कधी न पाहिलेल्या भोकांतून आठ उंदीर सुसाट निघाले. ते थेट सोमाबाबाच्या कुडाच्या घरात शिरले. आत भांडी पडली. सून किंचाळली, "अगं आय गं!"

वसुधा जाळं टाकून उठली.

समोर सगळा डोंगर होता. शेकडो बिळांचा. चार महिने त्यातल्या एकाही उंदराला घरात यायची गरज पडली नव्हती, आणि आज तिच्या एका फुंकरीने आठांना पडली. औषधाने तर सगळा डोंगरच वाडीत उतरला असता. तिला स्वतःची लाज वाटली. त्या इवल्या जिवांचा, आणि त्यांनी निमूट वागवलेल्या त्या बिननावाच्या गर्दीचा, तिला फार मोठा आदर वाटला.

तिने कागदावरची औषधाची ओळ खोडली. खाली जागा कोरी राहिली.

"पण बाबा... मग लिहू काय?"

म्हाताऱ्याने आधी डोंगराकडे, मग घरातल्या धान्याच्या उघड्या कणगीकडे बोट केलं.

"डोंगर यवढ्यांना पोसतोय, बाय. तू निस्ती कणगी झाक."