भीतीचा दाखला

फार लांबचं नाही, डोंगरापलीकडचंच एक रान होतं. तिथे सिंहाचं राज्य होतं आणि करकोच्याचा दवाखाना होता. करकोचा लांब चोचीने काटे काढायचा. पण चोच जवळ आली की जनावर काट्यासकट पळून जायचं.

म्हणून महाराजांनी परदेशातून एक चष्मा आणला. तो चढवला की चोच दिसायची नाही. चोहीकडे हिरवं कुरण दिसायचं, भीती जायची.

"चष्मा सर्वांचा आहे," महाराज सभेत म्हणाले. "ज्याची भीती मोठी, त्याचा नंबर पहिला. शेवटच्या जनावराच्या डोळ्यांवर चष्मा चढेपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही."

मग ते स्वस्थ बसले.

रखमाजी सशाला हे ऐकून बरं वाटलं. त्याच्या बायकोच्या, भागाच्या, पायात पंधरा दिवस काटा होता. दोनदा ती चोचीखालून पळाली होती. पाय काळा पडत चालला होता. पाय गेलेला ससा रानात किती दिवस टिकतो, हे कोणी सांगायला नको.

रखमाजी अर्ज घेऊन गेला. खिडकीत माकड होतं.

"भीतीचा दाखला जोडलाय?"

"तो कोण देतं?"

"भय निवारण अधिकारी. बिबटेसाहेब. त्यांच्या गुहेत समक्ष जायचं."

"गेलं की मिळतो?"

"आत गेलास तर साहेब म्हणतात, तू धीट आहेस, तुला चष्मा कशाला?"

"आणि बाहेरच थांबलो तर?"

"गैरहजर."

"मग आजवर मिळाला कोणाला?"

"तरसाला, रानडुकराला आणि साहेबांच्या मेहुण्याला. त्यांची भीती साहेबांना घरबसल्या ठाऊक आहे."

रखमाजी घरी आला आणि भागाला म्हणाला, "चल, चष्मा मिळाला."

दवाखान्यात तो तिच्या मागे बसला आणि आपले दोन्ही कान त्याने तिच्या डोळ्यांवर घट्ट धरले.

"काहीच दिसत नाही," भागा म्हणाली.

"नवीन आहे, जरा वेळ लागतो. उजवीकडे हरभरा आहे बघ."

"कोवळा आहे का?"

"कोवळा. दवाने भिजलाय."

"राखणदार?"

"जेवायला गेलाय. आणि जेवून झोपणार आहे."

भागा हसली. तेवढ्यात करकोच्याने काटा ओढला.

"अहो, या चष्म्याला तुमच्या कानांचा वास येतो," ती म्हणाली.

"परदेशी माल," रखमाजी म्हणाला.

वर्षाअखेरीस सभा भरली. भागा चार पायांवर चालत आली. बिबटेसाहेबांनी अहवाल वाचला. "यंदा दाखल्यासाठी एकही ससा आमच्याकडे फिरकला नाही. याचा अर्थ उघड आहे. सशांमधली भीती आपण समूळ संपवली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. रखमाजीही वाजवत होता.

"तुम्ही कशाला वाजवताय?" भागाने हळूच विचारलं.

"साहेब इकडेच बघताहेत," रखमाजी म्हणाला आणि आणखी जोरात वाजवू लागला.