सुटलेल्या माशाचं वजन

"सुटलेला मासा तराजूत घालून दाखव!"

राजे रणधीररावांनी हा हुकूम भर दरबारात सोडला, तोही म्हाळूला. म्हाळू म्हणजे मोरतळ्यावर नाव वल्हवणाऱ्या सटवाजी भोयाची लेक. धरलेला मासा कुणीही तोलेल हो! पण जो दोरी तोडून पसार झाला, त्याला तराजूत घालायचं तरी कसं?

त्याचं झालं असं. वेताळगडच्या या राजेसाहेबांना गळ टाकायचा भारी नाद. नवशिके नव्हेत बरं का, चांगले वीस वर्षं मुरलेले! तरी मोरतळ्यावर आले की मरळ कुठे दडलीय ते दाखवायला त्यांना म्हाळूच लागायची. पाणवेलीतला बुडबुडा बघून खाली केवढा मासा आहे ते ही पोरगी सांगायची.

आदल्या सकाळी तिने नाव कमळांच्या कडेला अलगद लावली. राजांनी गळाला बेडकी लावून टाकली आणि धप्पकन पाणी फुटलं! "सरकार, दम धरा. बेडकी नीट गिळू द्या त्याला," म्हाळू कुजबुजली.

"मला शिकवतेस?" म्हणत राजांनी दिला हिसका! मासा हवेत उडाला. राजे ओरडले, "अगं, चार शेरांचा तरी आहे!" तेवढ्यात दोरी तुटली आणि मासा गेला तळ्यात.

गेला तर गेला, पण राजांना चैन पडेना. काठावर मोतद्दाराने घोडा पुढे आणला, त्याला राजे म्हणाले, "दहा शेरांचा सुटला रे!" रात्री ताटावर राणीसाहेबांना सांगितलं, वीस शेर. आणि दुसऱ्या दिवशी दरबारात? "पुरा मण! चाळीस शेर!"

सरदार गुणाजीराव मिशीतल्या मिशीत हसले. तेही गळाचे शौकीन. मोरतळ्यावर त्यांचा जुना डोळा, आणि गेल्या साली त्यांचाही एक मासा सुटलेला. तो म्हणे दोन मणांचा!

"मणाची मरळ? मोरतळ्यात?" गुणाजीराव म्हणाले. "सरकार, आपला शब्द प्रमाण. पण..."

"पण काय? म्हाळू होती नावेत. बोलवा तिला!"

"ती काय, आपलीच री ओढणार! नुसती साक्ष नको, तराजूत दाखवू दे."

झालं! राजांचं डोकं फिरलं. म्हाळू आली तशी हुकूम सुटला. "उद्या दुपारी, सगळ्यांसमोर. मण भरला तर मागशील ते देईन. नाही भरला तर मोरतळं भोयांकडून काढून गुणाजीरावांना!"

सोळा घरांच्या चुली त्या तळ्यावर पेटत होत्या. म्हाळू घरी आली ती तोंड पाडूनच.

"पोरी, मोठ्यांच्या वादात आपलं मरण," सटवाजीने कपाळाला हात लावला. "चार शेर म्हणावं तर राजा खोटा पडतो. मण म्हणावं तर मासा आणायचा कुठनं?"

म्हाळू चुलीपुढे बसून राहिली. मग एकदम म्हणाली, "बा, सुटलेल्या माशाचं वजन आपल्यात कुठं ठरवत्यात?"

"नावेतच की. पहिल्यांदा तोंडातनं निघालेला आकडा खरा. पाय जमिनीला लागला की मासा वाढाया लागतो."

"मग झालं तर!" म्हाळू हसली. "निवांत झोप तू."

दुसऱ्या दिवशी कोठारातला धान्याचा मोठा तराजू दरबारात टांगला. एका पारड्यात मणाचं वजन ठेवलं. म्हाळूने टोपलीतलं ओलं गवत बाजूला सारलं आणि सकाळीच धरलेली जिवंत मरळ दुसऱ्या पारड्यात ठेवली. बरोबर चार शेर! पारडं जागचं हललंसुद्धा नाही.

"हरली! तळं माझं!" गुणाजीराव उठलेच.

"बसा की सरदार. अर्धाच तोललाय अजून," म्हाळू म्हणाली. मग राजांकडे वळून तिने हात जोडले. "सरकार, मासा उडाला तवा आपणच म्हणालात, चार शेर. त्याच्याच जोडीचा हा घेतलाय. उरलेलं वजन आपल्यापाशी हाय. जरा पुढं या, दोन्ही हात या पारड्यावर ठेवा, आणि तो कसा सुटला ते सांगा."

राजांना काय, तेवढंच हवं होतं! पारड्यावर हात ठेवून ते सांगू लागले. कमळं सांगितली, बेडकी सांगितली. सांगता सांगता आवाज चढला, डोळे मोठे झाले. "एवढं तोंड उघडलं त्याने! मी दिला हिसका, तो उडाला वर, ऊन चमकलं अंगावर, आणि... आणि सुटला हो! हातातला सुटला!"

असं म्हणत राजे सगळ्या अंगाने त्या पारड्यावर कोसळले. पारडं खाडकन खाली! मणाचं वजन वर लोंबकळायला लागलं.

"भरला मण!" म्हाळूने टाळी वाजवली. "सरकार खोटं बोलले न्हाईत. मासा चार शेर, आणि छत्तीस शेर हळहळ!"

राजांनी पारड्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं. आणि असे हसले, असे हसले, की पगडी सरकून कानावर आली! "छत्तीस कसली गं, जास्तच असेल! अजून जीव जळतोय माझा!"

हसू आवरून राजे म्हणाले, "मग माग पोरी, काय हवं ते!"

"मोरतळं भोयांकडंच ऱ्हाऊ द्या पिढ्यानपिढ्या. आणि सरकार, नावेत मी दम धरा म्हटलं की दम धरायचा."

"दिलं! दोन्ही दिलं!" राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हाती ठेवलं.

नोकर तराजू सोडायला पुढे झाले, तशी म्हाळू चटकन म्हणाली, "थांबा रं! सरदारांचा दोन मणांचा ऱ्हायलाय की!"

राजे पुन्हा हसत सुटले, आणि गुणाजीराव हळूच दाराकडे सरकले.