न बोललेले कुरव

एका खाडीकाठी, बरं का, एक राजा राहत होता. माणूस भला, पण घाबरट. समुद्रावरून शत्रू येतील म्हणून त्याने खाडीच्या तोंडावर लोखंडी साखळी बांधली होती. इतकी जड, की उतरवायला चाळीस माणसं लागत. चाळीस की पन्नास? चाळीसच धरू.

बुरुजावर पहाऱ्याला होती येसू कोळीण. बाळ पाठीला बांधलेलं आणि नवरा पोशा समुद्रात. गावाच्या होड्या मासेमारीला गेलेल्या, आठ दिवस झाले तरी पत्ता नाही. शिडं दिसली की येसूने ढोल वाजवायचा, मग माणसांनी साखळी उतरवायची, असा नियम.

नवरात्र सरलं. मग एका सकाळी येसूला लांबवर पांढरं पांढरं दिसलं. शिडं! तिने ढोल बडवला. माणसं धावली, साखळी उतरली. आणि आले कोण? कुरव! थंडीला कंटाळून दूरदेशाहून निघालेले, समुद्रावरचे पांढरे पक्षी.

"आमच्या होड्या पाहिल्यात का रे?"

"नाही गं बाई," म्हणाले, आणि सरळ पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर काळी रेघ. पुन्हा ढोल, पुन्हा साखळी. मग कळलं, ती रानबदकं होती.

"आम्हाला काय विचारतेस? आम्हीच वाट चुकलोय. इथलं तळं कुठं गेलं?"

येसूने तळं दाखवलं. माणसं मात्र चिडली. "डोळे तपासून घे गं येसू!" आणि राजा म्हणाला, "आता माझ्या हुकमाशिवाय साखळी हलायची नाही."

तिसऱ्या दिवशी दाट धुकं. शीड नाही, काही नाही. नुसती धुक्यावर कुरवांची झुंबड, गोल गोल फिरणारी.

"होड्या दिसल्या का?" कुणी बोलेना. परत विचारलं. तरी कुणी बोलेना. येसू गोंधळली. परवा बोलणारे पक्षी आज गप्प का? आपलंच काही चुकलं का? आयांना आधी हेच वाटतं, काहीही झालं तरी.

मग एकाच्या चोचीतून थप्पकन बांगडा पडला. हां! तोंडं भरलेली, बोलणार कसे? येसूने बांगडा उचलला. पोट सुरीने चिरून साफ केलेलं. आता सांगा, पक्ष्याकडे सुरी असते?

ती धावत राजाकडे गेली. "महाराज, होड्या आल्या! भरती ओसरायच्या आत साखळी उतरवा, नाहीतर खडकांवर आपटतील."

"दिसल्या?"

"नाही."

"मग?"

"बांगडा दिसला."

राजा तिच्याकडे बघतच राहिला. "आणि शत्रू असले तर?"

"शत्रू काय बांगडे साफ करत येतात, महाराज?"

राजाला काही कळेना. त्याच्या जागी मलाही कळलं नसतं. "आणि तू चुकलीस तर?"

"तर साखळी परत ओढू. फुटलेली होडी कुठून परत आणायची?"

मग राजाच उठला. साखळीला पहिला हात त्याने लावला, मग बाकीचे धावले. साखळी खळखळत पाण्याखाली गेली, आणि धुक्यातून एक होडी आली. मग दुसरी. मग सगळ्या. पोशाने वाळूवर उडी मारली आणि आधी बाळाला उचललं.

"रडतेस काय गं?"

"धुकं गेलंय डोळ्यांत."

त्या दिवशी गावात सगळ्यांनी पोटभर कालवण-भात खाल्ला. कुरवही दमले होते. वाळूवर ओळीने बसले, एक पाय पोटाशी, चोच पंखात. तुम्हीही घ्या पाय पोटाशी. दोन्ही घेतले तरी चालतील. मिटा डोळे.