वेशीतली हाक

लई जुनी गोष्ट. तुमचा-माझा खापरपणजासुद्धा तेव्हा पाळण्यात आला नव्हता. नदीच्या वळणावर एक गाव होतं. धान्य भरपूर, पाणी भरपूर, पण माणसं कशी? दार लावून जेवणारी. शेजारी आजारी पडला तर चार दिवसांनी कळायचं.

मात्र लढाईचा नगारा वाजला की हेच गाव पालटायचं. चावडीपुढं सगळ्यांची मिळून एक चूल पेटायची. वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ एकमेकांच्या पानात भाकरी वाढायचे. मग वेशीत पाटील एकेका लढणाऱ्याचं नाव पुकारायचा आणि सगळं गाव ओरडायचं, "आमचा!" त्या एका शब्दासाठी पोरं भाला उचलायची. खोटं कशाला सांगू, ऐकणाऱ्याच्याही अंगावर काटा यायचा.

एकदा नदीपलीकडच्या गावचा बोकड अलीकडं आला आणि पाटलाच्या घेवड्याचा वेल फस्त करून बसला. "हा गावाचा अपमान!" पाटील गरजला. बोकड बांधला, नगारा वाजला.

रिवाज असा, की मागल्या लढाईत ज्या घरचा माणूस पडला, त्याच घरच्या विस्तवानं गावची चूल पेटवायची. ते घर साळूबाईचं. तिचा थोरला, सुभाना, पाच वर्षांमागं गेला होता. धाकटा मुकिंदा आज भाला घेऊन सगळ्यांच्या पुढं उभा.

पाटील दारात आला. "साळूबाई, विस्तव द्या."

"बोकडापायी दुसरा पोरगा देऊ? नाही मिळायचा विस्तव. चालते व्हा!"

मुकिंदा कळवळून म्हणाला, "आये, दे की गं. आज वेशीत माझं नाव घेतील. एरवी मला कोण हाक मारतं? तू तरी मारतेस? दादा गेल्यापासून मी नुसता 'ए' आणि 'अरे'."

पोरगं खरं बोलत होतं.

साळूबाईनं खापरात निखारे घेतले आणि स्वतः जाऊन चूल पेटवली. गाव खूश. पोटभर जेवलं आणि वेशीत जमलं. पाटील नावं पुकारायला पुढं झाला, तशी ती आडवी आली.

"विस्तव माझा, नावंही मीच घेणार." आणि तिनं हाक दिली, "सुभाना!"

"आमचा!" सवयीनं गाव गरजलं.

पुढं कोणीच आलं नाही. कुठून येणार?

"तुमचा होता ना? मग पाच वर्षांत त्याचं नाव कुणाच्या तोंडून निघालं? त्याच्या आईच्या दारात कोण येऊन बसलं? एका चुलीवरचं जेवण पाहिजे, नावानं हाक पाहिजे, म्हणून माणसं मारायला निघता होय रे मेल्यांनो? चूल तर पेटली! हाक मारायला भाला लागतो?"

मग ती पोराकडं वळली. पाच वर्षांनी पहिल्यांदा तिनं त्याला नावानं हाक मारली, "मुकिंदा!"

"आमचा!"

तिनं लंगड्या कुंभाराचं नाव घेतलं. कुणी कधी न बोलावलेल्या विधवेचं घेतलं. "आमचा! आमची!" म्हातारा कुंभार रडायलाच लागला. "माझं नाव गावाला ठाऊक आहे व्हय?"

मुकिंदानं भाला भिंतीला टेकवला.

"आणि बोकडाचं काय?" पाटील पुटपुटला.

"मी पोचवून येतो. पण पाटील, परत आल्यावर नाव घ्याल ना?"

सगळे हसले. पाटीलसुद्धा.

उन्हं उतरायच्या आत मुकिंदा आला. हातात पलीकडच्यांनी दिलेली घेवड्याच्या बियांची पुरचुंडी. साऱ्या गावानं वेशीत येऊन आरोळी ठोकली, "आमचा!" परत येणाऱ्यासाठी ती पहिल्यांदाच उठली होती.

तेव्हापासून त्या गावात नगारा दर अमावस्येला वाजतो, सगळ्यांनी मिळून जेवायला.

तर पोरांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्या गावात माणसाला रोज नावानं हाक मिळते, तिथं लढाईच्या नगाऱ्यामागं कोणी धावत नाही.